किक गेली, बुलेट राहिली

लोह्यात कुणी नवी बुलेट घेतली, की तिची पूजा देवळापुढे होते आणि पोस्टमॉर्टेम चहाच्या टपरीवर. पूजेला हार, नारळ आणि चाकाखाली ठेवायला लिंबं एवढं पुरतं. पोस्टमॉर्टेमला नांदेड-लातूर रस्त्यावरून जाता-येता थांबलेला कुणीही चालतो, अनुभवाची अट नाही. गाडी स्टँडवर लागली की एकजण टाकीवर टिचकी मारून पत्र्याची जाडी काढतो. दुसरा वाकून सायलेन्सरच्या तोंडात बघतो. तिथं त्याला काय दिसतं ते खंडोबाला ठाऊक. मग ज्यांच्यासाठी खुर्ची आपोआप रिकामी होते असे एक वडीलधारे काका हात वर करून म्हणतात, "चालू कर बरं." पोरगं बटण दाबतं, गाडी पहिल्या झटक्यात चालू होते आणि तिथंच नापास होते.

"बटनावर तर आमच्या घरचा मिक्सर बी चालू होतो," काका म्हणतात, आणि पंचायतीचं कामकाज सुरू.

मला या पंचायतीत मताचा अधिकार नाही, माझ्याकडं स्कूटी आहे. पण चहा सगळ्यांना मिळतो आणि ऐकायला मनाई नाही.

वादाच्या मुळाशी आहे एक इंग्रजी गाडी. 'बुलेट' हे नाव रॉयल एनफील्डनं १९३२ साली इंग्लंडात दिलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवर गस्त घालायला दणकट मोटारसायकल हवी होती. ३५० सीसीच्या आठशे बुलेट मागवल्या गेल्या, आणि १९५५ मध्ये मद्रासच्या मंडळींनी इंग्रज कंपनीशी भागी करून त्या इथंच जोडायचं ठरवलं. पुढं १९७० च्या सुमारास विलायतेतली मूळ कंपनी बंद पडली. मद्रासला हे कुणी कळवलं नसावं, कारण तिथं जवळजवळ तीच गाडी पुढची कितीतरी वर्षं निघत राहिली. जगभर मोटारसायकली कुठल्या कुठं गेल्या, बुलेट जागची हलली नाही. ह्याला निष्ठा म्हणा नाहीतर आळस, मराठवाड्याला ते मानवलं.

इकडं बुलेट कुठं जाण्यापेक्षा आल्याचं कळवायला जास्त उपयोगी पडायची. फौजदार, गुत्तेदार, मोंढ्यातला अडत्या आणि विहिरीला बारमाही पाणी असलेला शेतकरी, एवढ्यांनाच ती शोभते असा समज होता. जावई बुलेटवाला असला की तो वेशीपाशी असतानाच सासूबाई चुलीवर कढई चढवायच्या. फौजदार निघाले की ते गावात शिरायच्या आधीच पत्त्यांचा डाव मोडून मंडळी हरिपाठाला बसलेली असायची. चोराचिलटांच्या इतक्या सोयीची पोलिसगाडी जगात दुसरी झाली नसेल.

आता पंचायत ज्या 'कास्टवाली'साठी गळा काढते तिच्याविषयी. कास्ट म्हणजे बिडाचा सिलिंडर असलेलं जुनं इंजिन. ती गाडी चालू कशी करायची, हे काका अजून चहाचा कप खाली ठेवून, उभं राहून करून दाखवतात. आधी पेट्रोलचा कॉक उघडा. चावी फिरवा. हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअरचा एक इवलासा काटा असतो, त्याच्यावर नजर ठेवून किक हळूहळू दाबत न्या. काटा सरकून मधोमध आला की थांबा, श्वाससुद्धा घेऊ नका. आता डाव्या मुठीजवळची छोटी दांडी ओढून इंजिनातली कोंडलेली हवा सोडा, किक अंगठाभर आणखी खाली न्या, दांडी सोडा, किक वर येऊ द्या. आणि मग कुलदैवताचं नाव घेऊन सगळं वजन टाका. नेम बरोबर बसला तर गाडी धड... धड... धड करत जागी होते. केसभर चुकला तर किक उलटी येते आणि नडगीचा हिशोब चुकता करते. त्या काळी आमच्या भागात लंगडत येणाऱ्याला 'काय झालं?' असं कुणी विचारायचं नाही. 'कितीचं मॉडेल?' एवढंच विचारायचे.

चालू झाली म्हणजे सुटलात असंही नव्हे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. घरात बुलेट आणि हिरो होंडा अशा दोन्ही गाड्या असल्या की माणूस आठवडाभर गिअर समजून ब्रेक मारायचा आणि ब्रेक समजून गिअर टाकायचा. न्यूट्रल सापडत नाही म्हणून कंपनीनं ते शोधायला टाचेशी वेगळी दांडी दिली होती. मुळात न्यूट्रल सापडेल असा गिअरबॉक्स करावा, हे त्यांच्या डोक्यात आलं नसेल असं नाही. पण पाहुण्यांना दाखवायला एक दांडी जास्त मिळाली. शिवाय तेल. दारातल्या शहाबादी फरशीवर काळा डाग दिसला की घरात बुलेट आहे, आणि शेजाऱ्याच्या फरशीवर दिसला की बुलेटवाला काल तिथं बसून गेला आहे, एवढं लहान पोरालाही कळायचं. त्या डागानं काही गुप्त सोयरिकी वेळेआधी फुटल्या आहेत.

तर ह्या सगळ्या गोष्टी, म्हणजे नडगी, तेल, उलटे गिअर आणि न सापडणारं न्यूट्रल, कंपनीनं एकेक करून काढून टाकल्या. आणि तक्रार नेमकी तीच आहे.

पहिला मोठा धक्का २००८ ते २०११ च्या दरम्यान बसला. बिडाचा सिलिंडर गेला, अॅल्युमिनियमचं इंजिन आलं, गिअरबॉक्स इंजिनाच्याच पोटात गेला. गिअर त्याच्याही आधी डावीकडं यायला लागला होता. २००९ मध्ये 'क्लासिक' नावाची गाडी आली, जी जुन्यासारखी दिसायची आणि नव्यासारखी चालू व्हायची. पंचायतीनं तेव्हाच सांगितलं होतं की कंपनी बुडणार. कंपनी २०१० च्या आसपास वर्षाला पन्नासेक हजार गाड्या विकत होती. २०१८-१९ मध्ये तिनं आठ लाखांच्या वर विकल्या. असं बुडणं सगळ्यांच्या नशिबी येवो.

दुसरा धक्का ताजा आहे. १ सप्टेंबर २०२३ ला नवी बुलेट आली. इंजिन परत नवं, ३४९ सीसीचं, ताकद वीस अश्वशक्तीच्या किंचित वर. आत एक तोल सांभाळणारा दांडा बसवलेला, म्हणजे थरथर कमी. दिसण्यात कंपनीनं हात आखडता घेतला नाही: तीच थेंबासारखी टाकी, हेडलाइटच्या दोन बाजूंना वाघाच्या डोळ्यांसारखे तेच दोन बारके दिवे, एकसंध सीट. टाकीवरच्या सोनेरी रेघा ब्रश धरून हातानं ओढायची रीतही ठेवली. फक्त किक काढून टाकली. पायानं चालू करायची सोयच नाही.

ह्यावर टपरीवर जे आक्षेप निघाले ते मी जसेच्या तसे ऐकले आहेत. "दोन घंटे चालवली तरी हाताला झिणझिण्या न्हाईत. मग चालवली काय अन् न्हाई काय, सारखंच." "पेट्रोल किती हाय ते मीटर सांगायलंय! टाकी हलवून कानानं ऐकायचं असतंय ते." "आरशात मागचं स्पष्ट दिसायलंय." हा शेवटचा आक्षेप एका गुत्तेदारांचा. जुन्या बुलेटच्या आरशात थरथरीमुळं मागचं काही दिसत नसे, त्यामुळं मागून कोण बोलावतंय ते न दिसल्याचं सांगता यायचं. उधारीच्या धंद्यात ह्याची किंमत फार होती.

सगळ्यात पेटलेला आक्षेप वजनाचा. "जुनी लोखंडाची व्हती, ही पत्र्याची," असं काकांनी जाहीर केलं. पुण्याहून दिवाळीला आलेल्या एका पोरानं मोबाइल काढून सांगितलं की जुनी कास्टवाली १६५-१७० किलोच्या घरात होती आणि ही नवी १९५ किलोची आहे. क्षणभर टपरी गप्प झाली. मग काका म्हणाले, "वजन असंल. पण जड वाटत न्हाई." ह्याला उत्तर नाही. पोरानं मोबाइल खिशात घातला.

ही खोड एकट्या लोह्याची नाही. जर्मनीत पोर्शे नावाची कंपनी १९६४ पासून ९११ ही शर्यतीच्या जातीची मोटार करते. तिचं इंजिन कायम हवेवर थंड व्हायचं. १९९७ मध्ये कंपनीनं नवी ९११ आणली, तिचं इंजिन पाण्यावर थंड होणारं होतं, आणि तिथल्या पंचायतीत आपल्याकडच्यापेक्षा मोठी रडारड झाली. नव्या दिव्यांना तर लोकांनी 'तळलेलं अंडं' असं नाव ठेवलं. त्यातही खरा सल वेगळाच होता: बॉक्स्टर नावाच्या स्वस्तातल्या धाकट्या गाडीला नि हिला पुढून एकच तोंड होतं. कोट्यधीश माणसानं आरशात बघावं आणि समोर भावकीतला गरीब चुलतभाऊ दिसावा, तसं झालं त्यांना. आपल्याकडं तेच. मीटिऑर, क्लासिक, हंटर आणि बुलेट ह्या चौघींच्या पोटात आता एकच इंजिन आहे. हंटर कॉलेजची पोरं घेतात. बुलेटच्या मालकाला हे कळलं की त्याचा चहा कडू होतो. ते जर्मन साहेब लोह्याला आले असते तर काकांनी त्यांना खुर्ची दिली असती, आणि टपरीवाल्यानं खरं अंडं तळून दिलं असतं.

जावाच्या मंडळींचं दुखणं आणखी जुनं. म्हैसूरला बनणारी जावा मोटारसायकल, तीच पुढं येझदी झाली, १९९६ मध्ये बंद पडली. तिची किक आणि गिअर एकाच दांडीवर होते, म्हणजे चालू करा आणि तीच दांडी फिरवून गिअर टाका. २०१८ मध्ये जावा परत आली ती फोर-स्ट्रोक होऊन, पाण्यावर थंड होणारी. दोन सायलेन्सर तेवढे ठेवले. "दोनीतून मिळून एकाचा बी आवाज येईना गेलाय," हा आमच्याकडचा निकाल. थार जीपचं तर विचारू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिला पाच दरवाजे आले, तेव्हा 'खऱ्या थारमध्ये मागं चढताना गुडघा खरचटलाच पाहिजे' अशा मताची माणसं मला भेटली. त्यातल्या दोघांनी नंतर पाच दरवाजेवालीच घेतली, कारण घरात आईचं मत मोजतात.

पण ह्या सगळ्या पंचायतींची आजी पाहायची असेल तर माळेगावला यावं. खंडोबाची यात्रा, आमच्याच तालुक्यातली, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरणारी. घोडे, गाढवं, उंट, बैल, तमाशाचे फड, सगळं एका माळावर. घोड्यांच्या बाजारात पारखी लोक जनावराचा ओठ उचलून दात बघतात, मानेवर देवमणाचा भोवरा आहे का ते चाचपतात, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असला तर पंचकल्याणी म्हणून दोन पावलं मागं सरून बघतात. मग धन्याला म्हणतात, "चालवून दाखव." घोडा रवाल चालीनं असा जातो की वरच्या माणसाच्या हातातलं पाणी सांडू नये. आणि तरी पारखी मान हलवून म्हणतो, "पयल्यासारखं जनावर राह्यलं न्हाई." हे वाक्य इथं इंजिनाच्या आधीपासून चालत आलेलं आहे. रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तेव्हा त्या वाक्यामुळं काही हजार खाली उतरतात. बुलेटवाल्यांनी वाक्य उचललं आणि रुमाल विसरले. शोरूमवाला त्या वाक्यावर एक रुपया सोडत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मांडायला पंचायतीत दोन माणसं आहेत. एक निवृत्त फौजी. त्यांनी नोकरीत बुलेट चालवली आहे, हौसेनं घेतलेली नव्हे, हुकुमानं मिळालेली. ते शांतपणे म्हणतात, "थंडीत अर्धा तास किक मारली की चालू व्हायची ती. तुमी म्हंता तसा धडधड आवाज मला कधी आलाच न्हाई, माझ्या शिव्याच मोठ्यानं चालायच्या." फौजी माणसाला उलट बोलायची आपल्याकडं रीत नाही. सगळे चहात बघतात.

दुसरे आमचे मिस्त्री. ह्यांचं मत सगळ्यात वजनदार, कारण त्यांचं नुकसान झालं आहे. जुन्या गाडीचा पॉइंट ते सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून लावायचे: किक फिरवत न्यायची, कागद चिमटीत धरलेला, आणि जिथं तो पकडीतून अलगद सुटतो तिथं टायमिंग. टॅपेट बघायला पुशरॉड दोन बोटांत धरायचा. फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. ही बोटं त्यांना वीस वर्षांच्या कामातून मिळाली. नवी बुलेट त्यांच्या गिरेजला येतच नाही, आली तर लॅपटॉप मागते. त्यांनी जुन्याच्या बाजूनं बोलावं असं कुणालाही वाटेल. मिस्त्री म्हणतात, "नवी चांगली हाय. जुनी चांगली असती तर माझं घर बांधून झालं असतं का?"

तरुण पोरांनी मधला मार्ग काढला. गाडी नवी घ्यायची आणि आवाज बाहेरून बसवायचा. नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळं पंजाबची माणसं वर्षभर येतात, त्यातली काही थेट बुलेटवर. त्यांच्या गाड्या बघून 'पंजाबी सायलेन्सर' इकडं सगळ्यांना पाठ झाला. तो लावला की शाळा, दवाखाना आणि झोपलेली बाळं ह्यांना नवी बुलेट आल्याचं समजतं. मधूनच फटाका फुटल्यासारखा बार काढायचा ही पुढची पायरी. मग पोलीस ते सायलेन्सर काढून घेतात आणि शहराशहरांत रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात. कास्टवाल्यांना ह्या पोरांचा जास्तच राग. "आवाज मोठा असला म्हंजे धडधड न्हवं. धडधडीत दोन ठोक्यांच्या मधी माणसाला विचार करता यावा." फौजदारसाहेब येताहेत हे कळल्यावर गावाला नेमका तेवढाच विचार करायला वेळ मिळायचा, हे मी मनातल्या मनात म्हणालो.

मला विचाराल तर, स्कूटीवाल्याला कुणी विचारत नाही, पण तरी, हा सगळा गहिवर आवाजाचा नाहीच. गेल्या वर्षी सोनखेडकडच्या शाळेतल्या एक बाई नवी बुलेट घेऊन टपरीवर आल्या. मरून रंगाची, मागं डब्याची पिशवी अडकवलेली. उतरल्या, अर्धा चहा घेतला, पदर खोचला, बटण दाबलं आणि गेल्या. पंचायत बराच वेळ त्या दिशेला बघत होती. टाकीवर टिचकी मारायला कुणी पुढं झालं नाही, सायलेन्सरमध्ये कुणी वाकलं नाही. अखेर काका म्हणाले, "आमच्या टायमाला ही गाडी कुणालाबी चालू व्हत नव्हती." वाक्य अभिमानाचं होतं. कास्टवाली ज्याला चालू करता येते तो माणूस गावात चार-दोघांपैकी एक असायचा, बाकीचे ढकलायला. बटण आलं आणि ढकलणारे सगळे गाडीवर बसले. त्यात आता बायाही बसल्या. ह्या दुखण्याला तेलाची गळती म्हणा, झिणझिण्या म्हणा, काहीही नाव द्या. आणि काकांची स्वतःची १९८४ ची बुलेट गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली असते. गुडघ्यांमुळं त्यांना किक मारता येत नाही. दसऱ्याला पूजेपुरती नातू मारून देतो, तोही तीनदा खाली बघून.

सध्या नवीन गंमत सुरू झाली आहे. २०१२-१३ ची क्लासिक घेतलेली पोरं आता चाळिशीकडं आली. तेव्हा कास्टवाल्यांनी ज्यांच्या गाडीला 'प्लास्टिक' म्हटलं होतं, तेच आता खुर्ची सरकवून सांगतात की किकवाली शेवटची बुलेट आमची, ह्या नव्यात राम नाही. कास्टवाल्यांना हे ऐकवत नाही. त्यांच्या दृष्टीनं दोघेही बाटलेले. त्यामुळं पंचायतीत आता दोन तट आहेत आणि टपरीवाल्याचा धंदा वाढला आहे.

त्यात परवा पुण्याच्या पोरानं आगीत तेल ओतलं. २०२४ च्या नोव्हेंबरात रॉयल एनफील्डनं इटलीत मिलानला विजेवर चालणारी गाडी दाखवली, 'फ्लाइंग फ्ली' नावाची. हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्याच एका हलक्या मोटारसायकलीचं, जी पॅराशूटला बांधून विमानातून खाली टाकायचे. पॅराशूटवर सगळे खूश झाले. विजेवर सगळे खवळले.

"चार्जिंग कुठं करायचं म्हणं?"

"शेतात. मोटारीच्या लाईटवर."

"शेतातली लाईट रातच्याला दोनला येती. मग काय, दोनला उठून बुलेटला पाणी द्यायचं?"

"अन् आवाज?" काकांनी विचारलं.

"आवाज न्हाई, काका. बिलकूलच न्हाई."

काकांनी बशीतला चहा परत कपात ओतला. "मंग माणूस आलाय हे कळायचं कसं?"

"हॉर्न वाजवायचा की."

"हॉर्न तर ऊसाचा ट्रॅक्टरवाला बी वाजवतो," काका म्हणाले, आणि पुढच्या चहाचे पैसे कुणी द्यायचे ह्यावर दोन्ही तटांत पुन्हा जुंपली.